ऐनचढीवरचा मेलेला मणियार

चांद्याहून झरीपेठेला जाणारा मुरमाचा रस्ता जंगलखात्यानं सागाच्या लाकडांसाठी बांधला, आणि लाकडं निघून गेल्यावर खातं तो रस्ता तिथंच विसरून गेलं. लालभडक, दोन्ही कडांना नाल्या खणलेला, बांबूच्या बनातून डोंगराच्या कुशीकुशीनं वळत जाणारा. पण त्यावर चाक दिसेल तर शपथ. एकदा एक अजगर आडवा झोपला तो तीन आठवडी बाजार झोपूनच होता, कारण त्याला उठवायला कोणी आलंच नाही. दोन वाघ समोरासमोर आले तर थांबून एकमेकांच्या घरची खुशाली विचारत म्हणे, इतकी तिथं बोलणाऱ्याची वानवा. ज्याला पटत नसेल त्यानं जाऊन वाघांना विचारावं.

या रस्त्यावर सायकल फिरत होती ती एकच, इब्राहीम मणियाराची. चांद्यात बांगड्या घ्यायच्या, लाकडी पेटीत धानाच्या तणसात निजवायच्या, पेटी सायकलच्या मागं दोरानं आवळायची, आणि डोंगरापलीकडच्या झरीपेठेच्या बाजारात बायाबापड्यांच्या हातांत भरायच्या, हा त्याचा धंदा. स्वराज्य येण्याच्या आधीपासून तो हेच करत होता. स्वराज्य आलं तेव्हाही तो रस्त्यातच होता. त्याला ते परतल्यावर कळलं.

सायकल होती, पण तिच्यावर बसायची सोय नव्हती. चढावर बसणं शक्य नाही. उतारावर बसावं तर मुरमाच्या खड्यांवरून चाक असं थडथडे की पेटीतली काच आतल्या आत रडायला लागे. आणि सपाटीवर बसावं म्हटलं तर त्या रस्त्याला सपाटी ठाऊक नव्हती. म्हणून इब्राहीम चढावर सायकल ढकले आणि उतारावर तिला मागं ओढून धरे. झरीपेठेची पोरंसोरं म्हणत, "इब्राहीमभाऊ सायकलले हवा खायले घेऊन आला!"

पन्नाशी उलटली होती. गुडघे बोलायला लागले होते, आणि वाईट म्हणजे ते खरं बोलत. थकवा त्याच्या अंगावर सदऱ्यासारखा बसला होता. फरक एवढाच, की सदरा आठवड्यातून एकदा तरी धुवायला निघे.

त्या सगळ्या वाटेवर त्याच्या हक्काची एकच जागा होती. ऐनचढ नावाची उभी चढण जिथं संपते, तिथं मोहाचं एक जुनं झाड होतं. त्याची सावली नाली ओलांडून रस्त्यावर पडे. तिथं पोचलं की इब्राहीम सायकल उभी करी, सावलीत टेके, एक बिडी ओढी, दोन घोट पाणी पिई आणि डोळे मिटून पडे. घरात पोरं, बाजारात गिऱ्हाइकं. डोळे मिटायला जगात ही एवढीच जागा. इथं टेकलं तर झरीपेठ, नाहीतर नाही, हे त्याला आणि त्याच्या गुडघ्यांना पक्कं माहीत होतं.

आता सायकल उभी कशी करायची? तिचा स्टँड पेटीच्या ओझ्यानं केव्हाच मोडला होता. झाडाला टेकवावी तर पेटी कलते. एकदा तशी कलली, आणि आख्खा बाजाराचा माल तिथंच वाढला. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावी. त्या दिवशी फार भरभराट झाली. तेव्हापासून त्यानं रस्त्याच्या कडेला दगडांचा एक लहानसा ढीग रचून ठेवला होता. त्यावर पायडल टेकवलं की सायकल शहाण्या बैलासारखी उभी राही.

एका बाजाराला इब्राहीम वर पोचला, तर ढिगावर कोणीतरी ऐनाची ओली फांदी ठेवलेली. त्याला वाटलं, कोण्या गुराख्याची असेल. पुढच्या बाजाराला ढीग गुडघ्याएवढा झाला होता. त्याच्या पुढच्या बाजाराला वरच्या दगडाला शेंदूर लागला, आणि पायडल टेकवायला जागाच उरली नाही.

सायकल एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं घाम पुसत तो बघत राहिला. तेवढ्यात कोलू गाडीवान बांबू भरलेली बंडी घेऊन आला. कोलू झरीपेठेचाच, इब्राहीमच्या ओळखीचा. तो बंडीवरून उतरला, एक दगड उचलून ढिगावर टाकला, हात जोडले आणि मान न वळवता पुढं निघाला.

"ओ कोलूभाऊ! हे काय करून राह्यला?"

कोलू थांबला, पण मागं पाहिलं नाही. बैलांकडे तोंड करूनच म्हणाला, "काऊन, तुले मालूम नाई? इथी वाघानं माणूस खाल्ला. जिथी वाघ माणूस खाते तिथी जाणाऱ्यानं दगड टाकाव लागते. नाईतर तो माणूस मांगं येते."

"अरे बाप्पा, कोणाले नाई खाल्ला! हे दगड माये होत. सायकल टेकवाचे."

"सायकलचे?"

"स्टँड तुटला ना माया. म्हणून रचले."

कोलूनं बैलाची शेपटी उगाच सरळ केली. मग म्हणाला, "मणियारभाऊ, थकल्या माणसाच्या तोंडून काईबी निघते. पण मेलेल्या माणसाले स्टँड म्हणू नको. आन् इथी बसू तं नकोच. दगड टाक, चाल."

"कोण मेला ते तरी सांग!"

"ते अजून ठरलं नाई," कोलू म्हणाला आणि बैलांना हाकललं.

त्या दिवशी इब्राहीम टेकला नाही. टेकणार कसा? कोलूच्या मागून लाकूडतोडे आले, त्यांच्यामागून मोहफुलं वेचणाऱ्या बाया. जो तो त्याला बघून हातवारे करी, "उठ भाऊ, उठ!" इतकी माणसं त्या रस्त्यावर आजवर कधी आली नव्हती. मेलेला माणूस बघायला येणारी गर्दी जित्याच्या बाजाराला आली असती, तर इब्राहीम शेठ झाला असता.

विसावा न घेता तो झरीपेठेला पोचला, आणि एका पोरीच्या मनगटावर चढवतानाच चार बांगड्या वाढल्या. "भाऊ, आज काय झालं तुले?" पोरीच्या आईनं विचारलं. त्यानं काचा वेचायला घेतल्या.

असे आणखी काही बाजार गेले. घरी बायकोनं, नजमानं, त्याचे सुजलेले गुडघे गरम तेलानं चोळता चोळता तोंड सोडलं. "अजी, किती दिवस त्या लोखंडाच्या गाढवाले ढकलसान? माया भाऊ जहीर म्हणते ना, दुकानात बसा. सावलीत बसा, पंख्याखाली बसा."

"त्याच्या दुकानात पंखा कुठी हाये?"

"घेणार हाये!"

इब्राहीम छताकडे बघत राहिला. जहीरच्या दुकानात बसायचं म्हणजे जहीरचं बोलणं ऐकत बसायचं, आणि ते ऐनचढीपेक्षा उभं होतं. पण गुडघ्यांनी नजमाची बाजू घेतली. शेवटी तो म्हणाला, "हा एक बाजार करतो. चढणीवर टेकाले जमलं तं जमलं. नाई जमलं तं सायकल विकून टाकतो."

चैत्राचं ऊन होतं. मुरूम तव्यासारखा तापलेला. ऐनचढ चढताना सायकल त्याला ढकलत होती की तो सायकलीला, हे सांगणं कठीण होतं. वर पोचला, आणि ढीग बघून थबकला. ढीग आता छातीइतका झाला होता. वर लाल फडकं, खाली नारळाच्या करवंट्या. आणि दगडांच्या फटीफटीतून फुटक्या हिरव्या बांगड्या खोचलेल्या. त्याच्याच पेटीतल्या, त्यानं नक्षी ओळखली.

मेला कोण, ते आता ठरलं होतं. एक मणियार होता म्हणे. सायकलवाला.

इब्राहीमनं इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानं सायकल ढिगालाच टेकवली, आणि इतक्या भक्कम ढिगाला ती काय छान टेकली! मग तोही मोहाच्या सावलीत दगडांना पाठ लावून बसला. आता उठणं आपल्या हातात नाही, हे बसताक्षणी त्याला समजलं.

डोळे मिटतात न मिटतात तोच पावलं वाजली. डोंगरापलीकडच्या पाड्यावरची धुरपताबाई मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन येत होती. वयानं कमरेत वाकलेली, नजर अधू. ती ढिगापाशी आली, थांबली. सायकल दिसली. पेटी दिसली. पेटीजवळ राखेसारख्या चेहऱ्याचा, घामानं पांढरा पडलेला सदरा घातलेला माणूस दिसला.

ती घाबरली नाही. घाबरायलाही अंगात बळ लागतं, ते त्या वयात कुठून आणायचं? तिनं टोपली उतरवली.

"मणियारभाऊ," ती म्हणाली, "तूच होय ना?"

"होय, बाई," इब्राहीम म्हणाला. खोटं काही नव्हतं त्यात.

"लई चढलास रे तू हे चढण. दुसऱ्यायच्या लेकीसुनायच्या बांगड्या वाहू वाहू." तिनं मूठभर मोहफुलं त्याच्यासमोर दगडावर ठेवली. "आता काऊन जागा हायेस? कोणी बोलवत नाई तुले. निज माया भाऊ, निज."

मी जिता आहे बाई, हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. पण ते उच्चारायचे तर मग उठायला लागलं असतं, समजवायला लागलं असतं, दगड टाकून पुढं चालायला लागलं असतं. आणि आजवर त्याला सगळ्यांनी "उठ" म्हटलं होतं. आई, बाप, नजमा, गिऱ्हाइकं, कोलू. "निज" असं कोणी म्हटल्याचं त्याला आठवेना.

"बरं," तो म्हणाला, आणि निजला.

धुरपताबाई एक दगड ठेवून मान न वळवता निघून गेली. त्यानंतर जे जे आले त्या सगळ्यांनी दुरूनच सायकल पाहिली, निजलेला माणूस पाहिला, आवाज न करता दगड ठेवला आणि चवड्यांवर चालत निघून गेले. म्हणे एक अस्वलसुद्धा मोह खायला आलं, आणि फुलं चावताना तोंडाचा आवाज होऊ नये म्हणून नुसती चोखून गेलं. इब्राहीम जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं आणि गुडघे कधी नव्हे ते गप्प होते.

झरीपेठेला पोचेपर्यंत बाजार उठायला आला होता. तरी मनगट पुढं करून दोन-चार बाया थांबलेल्याच होत्या. इब्राहीमनं गोणपाट अंथरलं, पेटी उघडली. एकही बांगडी वाढली नव्हती.

बंडीला टेकून कोलू बिडी ओढत उभा होता. तो जवळ आला, उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "मणियारभाऊ, आज तुया भूत पाह्यला ना मी चढणीवर."

"असं? काय करून राह्यला होता?"

"झोपून राह्यला होता. लई थकलेला दिसे बिचारा." कोलूनं बिडी विझवली. "आमी गावात ठरवलं, त्याले उठवाचं नाई. ज्याले बसाचं असन तिथी, त्यानं बसाव."

इब्राहीमनं त्याच्याकडे पाहिलं. कोलूच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसूच होतं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही.

"बेस केलं," इब्राहीम म्हणाला. "घरी नजमाले सांगतो, सायकल ठेवाव लागन. भुताले लागते."

मग तो समोरच्या बाईकडे वळला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ढिला सोड बाई हात. घाई नाई आज."