दुसऱ्या रांगेचं टेकाड

लोकांना वाटतं, जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज. इथं येईपर्यंत मलाही तसंच वाटत होतं, आणि मी तर जन्मभर घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडलेला माणूस. सौर पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पाठ तापली की ते माणसासारखंच सुस्तावतं आणि वीज कमी देतं. म्हणून कंपनीनं या ओसाड माळावर तीन प्रकारची पॅनेलं तीन रांगांत उभी केली, एका रांगेत सहा. भर उन्हाळ्यात कुठली रांग जास्त वीज देते ते बघायचं आणि जी जिंकेल त्या जातीची पॅनेलं हजारोंनी विकत घ्यायची. प्रकल्प पंचवीस वर्षं चालणार, तेव्हा शेकडा एकाचा फरकसुद्धा पैसे गुंतवणाऱ्यांची झोप उडवायला पुरतो, असं मला इंजिनिअर बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मला मुलगी नाही, पण अंदाज येतो. त्या शहरातल्या ऑफिसात बसतात. आकडे यंत्र आपोआप त्यांच्याकडे पाठवतं. मी फक्त पहाटे पॅनेलं धुवायची, तिन्ही रांगांना सारखंच पाणी, सारखंच फडकं, आणि कुंपणाच्या आत कुणाला येऊ द्यायचं नाही. "सगळं सारखं ठेवा काका, एवढंच तुमचं काम," असं त्या म्हणाल्या होत्या. मी डोळ्यांत तेल घालून राखण केली. एकदा तिसऱ्या रांगेवर कावळा बसायला लागला, तर बाकीच्या दोन रांगांवर अन्याय नको म्हणून त्याला आठवडाभर हाकलत होतो.

निवृत्त झाल्यावर तीन महिने घरी होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातले डबे मी नव्यानं लावून दिले, दोनदा. शेवटी वैतागून बायकोनंच या नोकरीची जाहिरात माझ्यासमोर ठेवली, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे जाहिरात मीच शोधली होती. ती म्हणाली होती, इतकी वर्षं बाहेर हिंडलात, आता जरा बसा की घरात. मी म्हटलं, वर्षाचाच तर प्रश्न आहे.

राहायला पत्र्याची एक खोली दिली होती. कॉट, टेबल, पंखा, कॅलेंडर आणि पाण्याची टाकी. दर सोमवारी टँकरवाला यायचा, टाकी भरेपर्यंत अर्धा तास बडबडायचा आणि जायचा. बाकी सहा दिवस बोलायला मी आणि तो कावळा. खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. सगळ्या माळावर ती एकाच जागी यायची, दुसऱ्या रांगेच्या टोकाशी, शेवटच्या तीन पॅनेलांच्या मागे. का, ते देवाला ठाऊक. त्यामुळे मला कुणाचा फोन येण्याचा प्रश्नच नव्हता. मीच तिथं जाऊन करायचा.

घरी आमचा जुना वायरचा फोन आहे, बोळात, स्टुलावर. मोबाइल हिला आवडत नाही, हरवलेल्या माणसासारखा सारखा शोधावा लागतो म्हणते. दोन वाजता तिचं जेवण, आवराआवर सगळं उरकलेलं असायचं. म्हणून दोन ही आमची वेळ ठरली. पण उन्हाळा लागला आणि दोन वाजता पॅनेलांच्या मागे बसणं म्हणजे तव्याखाली बसण्यासारखं झालं. मी तक्रार केली तर ती म्हणाली, चादरी भिजवून बांधा की भोवती. हे मला सुचलंच नव्हतं. दोन चादरी बादलीत बुचकळायच्या, न पिळता पॅनेलांच्या मागच्या दांड्यांना चिमट्यांनी अडकवायच्या. गरम वारा ओल्या कापडातून आत आला की असा गारवा व्हायचा की उठावंसं वाटू नये. तासभर, कधी दीड तास आम्ही बोलायचो. कशाबद्दल, ते आता सांगता येणार नाही. चाळीस वर्षांच्या संसारात जेवढं बोललो नसू तेवढं त्या दीड-दोन महिन्यांत त्या चादरींच्या आत बोललो, एवढं खरं.

पुढे फोन कमी झाले. हिनं शिवणाचा वर्ग लावला होता. मी इथं भाजून निघतोय आणि बाईसाहेबांना टाके घालायला वेळ आहे, असं माझ्या मनात यायचं. फोनवर आवाज तुटक वाटायचा. मग मीही म्हटलं, आपण तरी कशाला मागे लागायचं. पाऊस झाला, थंडी पडली, कॅलेंडरची पानं संपत आली. तरी घरी परत जायचं म्हटल्यावर माझा जीव सुपाएवढा झाला. आठ दिवस उरले तेव्हा मी बॅग भरून दाराशी ठेवली आणि कारण नसताना तीनदा उपसून पुन्हा भरली. घरी गेल्यावर डब्यांना हात लावायचा नाही, हे ठरवून टाकलं होतं. बोळातल्या त्या स्टुलावर जाऊन बसायचं आणि आता बोल म्हणायचं, असंही ठरवलं होतं.

त्या सोमवारी टँकरवाल्यानं पाण्याबरोबर एक पाकीट आणलं. आत बाईंचा अहवाल आणि माझ्या सहीसाठी एक कागद. दुसरी रांग जिंकली होती. ती सगळ्यांत महाग पॅनेलं, बनवणाऱ्यांचा दावा असा की ही उन्हात कमी तापतात. दावा खरा ठरला होता. चौथ्या पॅनेलच्या पाठीला चिकटवलेल्या तापमापकानं तशी साक्षच दिली होती. माझ्या कागदावर लिहिलं होतं, की चाचणीच्या काळात कोणत्याही रांगेच्या पुढे, मागे वा शेजारी कोणतीही वस्तू ठेवण्यात आली नाही. खाली माझं पद आणि सहीची जागा. सही केली की कागद परत टँकरवाल्याबरोबर जाणार आणि पुढच्या सोमवारी मी.

पेन उघडलं आणि सहज म्हणून आलेख बघितला. वर्षभर राखलं ते शेवटी दिसतं तरी कसं, एवढंच कुतूहल होतं. पहिल्या आणि तिसऱ्या रांगेच्या रेषा सकाळी चढत, दुपारी उन्हानं मलूल होत, संध्याकाळी उतरत. दुसरीची रेषाही तशीच. फक्त दोन वाजता ती अचानक वर उचललेली, टेकाडासारखी, आणि साडेतीनच्या आत पुन्हा बाकीच्यांत मिसळलेली. समासात बाईंनी पेनानं लिहिलं होतं, "थंड राहण्याचा गुण इथे स्पष्ट." दोन पानं पुढे पुन्हा पेनानं, "हा गुण नंतर नाहीसा का होतो? बघणे."

चौथं, पाचवं, सहावं पॅनेल. माझ्या चादरी. त्या पॅनेलांच्या अंगी काहीही गुण नव्हता, त्यांच्या पाठीला रोज दुपारी मी ओलं फडकं लावत होतो. कावळ्याला हाकलणारा मी, आणि कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

बाईंनी उन्हाळ्याचा एकेक दिवस वेगळा काढला होता, पानभर बारीक रेघा, खाली तारखा. खात्री करायची म्हणून मी बोट फिरवत गेलो. पहिले चाळीस दिवस एकही दिवस टेकाडावाचून नाही. मग चार दिवस सपाट. त्या चार दिवसांत मला ताप आला होता, कॉटवरून उठलो नव्हतो. तापानंतर एक दिवस टेकाड, दोन दिवस सपाट. मग एक, मग पाच सपाट. मग नुसते रविवार. शेवटच्या महिन्यात काहीच नाही, वाटीतल्या पाण्यासारखी निवांत रेषा.

ती रेघ म्हणजे माझे फोन होते. तिचे नव्हते. ती मला फोन करूच शकत नव्हती. मी इतके महिने तिच्या शिवणाच्या वर्गावर रुसून बसलो होतो, आणि इथं तारखेनिशी लिहिलं होतं की गेलो नाही तो मी. कारणंही आठवली, एकही सांगण्यासारखं नव्हतं. चादरी भिजवायचा कंटाळा आला. बोलायला नवीन काही नव्हतं. आज राहू दे, उद्या करू. आणि खोलीत पंखा होता. ताप उतरल्यावर तिला सांगितलंही नव्हतं की ताप आला होता. चार दिवस का फोन नाही असं तिनं विचारलं, तर काम होतं म्हणालो. तेव्हापासून तिचा आवाज तुटक झाला होता. मी त्याला शिवण समजलो.

बाहेर टाकी भरत आली होती. टँकरवाला दारात येऊन म्हणाला, "करा की सही काका. एवढा कसला विचार? इस्टेट लिहून घेतायत का?"

करून टाकावी, असं मला वाटलं, हे लपवत नाही. कुणालाही कधी कळलं नसतं. सही केली तर आठ दिवसांत घर. सांगितलं तर उन्हाळ्याचे आकडे रद्दीत जाणार, दुसरा उन्हाळा यायला तीन महिने आणि तो संपायला चार. म्हणजे आणखी सात महिने हीच खोली. बरं, कंपनी काही माझी मावशी लागत नव्हती. पण जन्मभर मी लोकांच्या दारात उभं राहून आकडा दिसेल तोच लिहिला होता. कमी लिहा म्हणून चहा पाजणारे भेटले, शिव्या घालणारे भेटले. ती एकच गोष्ट मी धड केलेली. बाकी काय काय धड केलं नाही ते समोर पानभर छापलेलंच होतं.

टँकरवाल्याला थांबायला सांगून मी दुसऱ्या रांगेच्या टोकाशी गेलो आणि बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, चादरी, चिमटे, बादलीसकट. मग त्यांनी विचारलं, असं नेमकं कुठल्या कुठल्या दिवशी झालं ते तुम्हाला आठवतं का.

"आठवायची गरज नाही," मी म्हटलं. "जिथं टेकाड आहे त्या दिवशी मी घरी फोन केला. जिथं सपाट आहे तिथं नाही केला."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उन्हाळ्यातले इतके दिवस बाद होतायत, त्यामुळे नुसते ते वगळून भागणार नाही, पुढचा उन्हाळा पुन्हा घ्यावा लागेल, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. दुसरा माणूस पाठवता येईल. पण ही जागा माहीत असलेला राहिला तर बरं. घरी विचारा, म्हणाल्या, आणि उद्यापर्यंत सांगा.

घरी विचारा. दोन वाजायला दहा मिनिटं होती. टँकरवाल्याला मी सहीवाचून परत पाठवलं आणि दोनपर्यंत उन्हात तसाच उभा राहिलो. मनात एकच होतं. ती म्हणेल, काही नको, निघून या. म्हणाली की निघायचं. कंपनीनं दुसरा बघावा.

आठव्या घंटेला तिनं फोन उचलला. मी तिलाही सगळं सांगितलं. चादरींचं सांगितलं, तापाचं सांगितलं, त्या रेघांचं सांगितलं. वर्गाला उगीच दोष दिला हेही सांगितलं. मागे शिवणाचं यंत्र चालू होतं. तिच्याशिवाय कोणी तरी होतं घरात, हसण्याचा आवाज आला. बोळातलं दार तिनं लोटून घेतलं असावं, मग आवाज बंद झाला.

"वर्ग मी नंतर लावला," ती म्हणाली. "आधी महिनाभर दोन वाजता स्टुलावर येऊन बसायचे. तीनपर्यंत बसायचे. वाटायचं, रेंज गेली असेल."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"एके दिवशी शेजारची म्हणाली, नुसती बसतेस तर हातात काही तरी घे. तर सुई घेतली."

मग मी विचारलं, की येऊ का मी. आठ दिवसांत येतो.

"राहा की," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, तेच वाईट. "काम अर्धवट टाकू नका. मागच्या खोलीत आता यंत्रं मांडलीत, चौघी येतात. तुम्ही आलात की आवरायला लागेल, तर सात महिने मिळाले म्हणून बरंच झालं. आणि एक सांगते. दोन वाजता मी आता बोळात नसते. ती सवय मोडायला मला फार जड गेलं. पुन्हा लावून घेणार नाही."

फोन ठेवल्यावर मी तिथंच, दांड्याला टेकून, खाली बसलो आणि रडलो. बघायला कावळाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंना राहतो म्हणून कळवलं. बॅग उपसली, या वेळी कारण होतं. आता दुसरा उन्हाळा निम्मा सरला आहे. चादरी मी खोलीच्या दारात वाळत घालतो, रांगांपासून चाळीस पावलांवर, मोजून. दुसरी रांग बाकीच्या दोघींसारखीच तापते आणि तेवढीच वीज देते. बाई म्हणतात, बहुतेक पहिल्या रांगेतली स्वस्त पॅनेलंच घेतील, नसता खर्च वाचला, तुमचे आभार मानले पाहिजेत. मी बरं म्हणतो.

दोन वाजता मी दुसऱ्या रांगेच्या टोकाशी जातो. डोक्यावर टोपी असते, बाकी काही नाही. पंखा चालू असतो, तरी जातो. घरचा नंबर लावतो आणि घंटा संपेपर्यंत कानाला धरून उभा राहतो. ताप असला तरी जातो, मागच्या आठवड्यात होता. आलेखात याचं काहीच उमटत नाही. मग फोन खिशात ठेवतो आणि परत खोलीकडे येतो.