राणीच्या दारातली पेटी

जेसल पार्कातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रविवारी दुपारी उर्मिलाबाई अवकाशयानात शिरलेल्या किड्यांवर तुटून पडल्या होत्या. वय पंचावन्न, हातात गेमचा कंट्रोलर, शेजारी सून रुचिता. पाच वाजता टीव्हीला जोडलेला हा गेमचा डबाच विकत न्यायला गिऱ्हाईक येणार होतं. डबा मुलाचा, अभिनवचा. हौसेनं घेतला, पण त्याला खेळायला वेळ नाही, आणि घरातल्या दोन बायका रोज तासभर खेळतात ते डोळ्यांत खुपतं. शेवटी म्हणाला, पाचच्या आत किड्यांची राणी मारून दाखवा, नाही विकणार. मोठा आला शर्यती लावणारा!

बाईंना डब्याचं एवढं काय? तर लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूसुनेत ‘हो आई’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलणं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही, पण घर अगदी मुकं. हा डबा आला आणि तीच पोरगी ‘आई, मागे बघा’ म्हणून ओरडायला लागली. उर्मिलाबाईंना ते भारी आवडायचं. डबा गेला की पुन्हा ‘बरं’ सुरू.

प्रत्येकीला दोनच हत्यारं मिळायची. दोघींकडे एकेक पिस्तूल आणि एकेक प्लाझ्मा गन, कारण राणीचं कवच फुटतं ते प्लाझ्मानंच. गोळ्या मोजक्या. बाई जपून झाडायच्या, रुचिताचा हात सढळ, पण राणीच्या दारापाशी येईतो दोघींच्या प्लाझ्मा गन रिकाम्या व्हायच्याच. तिथं प्लाझ्माच्या गोळ्यांची एकच पेटी. एकीनं उचलली की दुसरीला काही नाही.

आताही तेच झालं. रुचिता थांबली, म्हणाली, आई, तुम्ही घ्या. बाई म्हणाल्या, अगं तू घे. ती म्हणे, नको, तुम्हीच. बशीतल्या शेवटच्या भज्याचं होतं ना, तसं. तेवढ्यात दार उघडलं आणि राणीनं दोघींना चिरडलं. पेटी जागच्या जागी! अभिनव सोफ्यावर खो खो हसला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

चार पस्तीस. दारापर्यंत यायला पंधरा मिनिटं. म्हणजे एकच डाव. दोघी धावत सुटल्या आणि पुन्हा त्या पेटीपाशी आल्या.

रुचिता थांबली. बाईंचा जीव टांगणीला लागला. दुसरी पोळी घेतानाही विचारणारी ही मुलगी, ही कसली घेतेय!

तिनं उचलली.

‘मी घेतली, आई,’ ती म्हणाली. ‘तुम्ही छऱ्याची बंदूक घ्या. कवच फुटलं की जवळ जाऊन पोटात मारा.’

सून हुकूम सोडतेय, आणि सासूला आनंदानं उड्या माराव्याशा वाटताहेत! बाईंनी रिकामी प्लाझ्मा गन टाकली, भिंतीशी पडलेली छऱ्याची बंदूक उचलली. काडतुसं आठ. लांबून मारून उपयोग नाही. दार उघडलं. रुचितानं निळ्या गोळ्यांचा सडा पाडला. बारके किडे अंगावर आले, बाईंनी ते पिस्तुलानं टिपले. काडतुसाला हात लावला नाही म्हणजे नाही. कवच तडकलं. बाई थेट राणीच्या पोटाखाली घुसल्या. एक, दोन, पाच, सात. राणी पडेना. आठवं झाडताना त्यांनी डोळेच मिटले.

उघडले तेव्हा राणी आडवी पडली होती आणि रुचिता त्यांच्या गळ्यात पडली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

अभिनव म्हणाला, तो माणूस वसईहून येतोय, त्याला नाही कसं म्हणायचं. त्याचं बोलणं संपायच्या आत बेल वाजली. रोजची रुचिता आधी नवऱ्याकडे पाहते, मग सासूकडे. आज तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. सरळ जाऊन दार उघडलं.

‘सॉरी भैया,’ ती म्हणाली, ‘नहीं बेचना है. मैं और मम्मी खेलते हैं.’