माझा हरवलेला शेवट

मित्रांनो, मी रहस्यकादंबरी आहे, आणि जुनी आहे. दोन्ही गोष्टी लपवायच्या म्हटल्या तरी लपत नाहीत. मुखपृष्ठावर लाल आग आहे, आगीपुढे पाठमोरा माणूस आहे आणि वर ठळक अक्षरांत माझं नाव आहे, 'चुलवाणापाशी कोण?' चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल. तिच्यावर उसाचा रस आटवून गूळ करतात. माझ्या पहिल्याच प्रकरणात गुऱ्हाळाचा मालक चुलवाणापाशी मरून पडतो, आणि मग घरातले सगळे, मुलगे काय आणि जावई काय, एकमेकांवर संशय घेत बसतात. माझ्या पोटात एवढंच आहे. पण एवढ्यावर कोल्हापूरनं मला डोक्यावर घेतलं.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. तिथं मोठे कागद छापून त्यांच्या घड्या घालतात, आणि सोळा-सोळा पानांचे गठ्ठे करतात. अशा गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. फर्मे ओळीनं लावून शिवले आणि पुठ्ठा चढवला की झालं पुस्तक. मी तयार झाले तेव्हा माझे सगळे फर्मे जागेवर होते, हे मुद्दाम सांगते.

तिथून मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत अनुजाताईंच्या वाचनालयात आले. वर कोचिंग क्लास, शेजारी दातांचा दवाखाना आणि मधे आम्ही पुस्तकं. मला कपाटात बसायला म्हणून फुरसत मिळाली नाही. एक वाचक परत करायचा, तोवर दुसरा दारात हजर. वाचून झालं की माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर आपलं मत लिहायचं, ही तिथल्या वाचकांची जुनी खोड. 'लई भारी. भाजी करपली तरी कळलं न्हाय,' असं एकीनं लिहिलं. खाली दुसऱ्यानं लिहिलं, 'सुरुवातीचा ऊस जरा कमी केला असता तर बरं झालं असतं.' 'जावई बिचारा!' असं कुणी म्हणालं, तर त्याखाली उत्तर आलं, 'बिचारा कसला? चांगला पोचलेला आहे.' गडमुडशिंगीच्या एका शेतकऱ्यानं तर सरळ ठोकून दिलं, 'लेखकानं गुऱ्हाळ लांबनंच बघितलंय.' मी सगळं ऐकून घेतलं. पुस्तकाला उलट बोलता येत नाही, हे वाचकांच्या भलतंच सोयीचं आहे.

वाचनालयाचा एक नियम मात्र कडक होता. भिंतीवर पाटीच होती, 'शेवट फोडू नये. फोडल्यास कार्ड बंद.' कारण एकदा कुणीतरी खुन्याचं नाव चारचौघांत सांगितलं होतं, आणि त्यावरून मारामारीपर्यंत वेळ आली होती. तेव्हापासून माणसं माझ्याविषयी तासन् तास बोलत, पण शेवटापाशी आली की ओठ मिटून घेत. नियम चांगला होता. त्यानंच पुढं घात केला.

माझ्या वाचकांत गणपतराव आणि करीमचाचा असे दोन मित्र होते. गणपतराव शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे भरून निवृत्त झालेले. करीमचाचांचं वाचनालयाच्याच गल्लीत शिलाईचं दुकान. दोघांत मिळून एकच कार्ड. एकानं आधी वाचायचं, मग दुसऱ्यानं, आणि मग वाचनालयाच्या बाकड्यावर चहा पीत त्या पुस्तकाची सालं काढायची. दोघांचं मत कधी जुळलं नाही, आणि वादावाचून त्यांना चहा गोड लागला नाही.

माझ्या वेळी पहिला नंबर गणपतरावांचा होता. ते चवीचवीनं वाचणारे. शेवटच्या पानांपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला मिटून त्यांनी कितीतरी वेळ छातीशी धरलं. इतक्या वाचकांच्या हातांतून गेले मी, पण असं कुणी धरलं नव्हतं.

तोवर माझी तब्येत बिघडली होती. कुणी मला पालथी घालून उशाला घेतलं होतं, कुणी गाडीच्या डिकीत कोंबलं होतं. शिवण सुटली, पाठ उसवली. म्हणून अनुजाताईंनी मला करीमचाचांकडं न देता आधी बाइंडिंगला पाठवलं. बाइंडरनं मला सुटं केलं, जुना डिंक खरवडला आणि नव्यानं शिवलं. पण माझा शेवटचा फर्मा त्याच्या टेबलाखाली पडला, तो तिथंच राहिला. वाचकांची मतं लिहिलेलं कोरं पान त्यानं मागं व्यवस्थित चिकटवलं. मी पुन्हा ताठ दिसायला लागले, आणि माझ्यातून सोळा पानं गेली आहेत असं कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. त्याला कारणही तसंच होतं. उरलेला मजकूर नेमका एका प्रकरणाच्या शेवटी थांबत होता. 'जावई फाट्यावर उभा राहिला. एसटी आली नाही.' त्याखाली मोकळी जागा. कुणालाही वाटावं, संपलं.

करीमचाचांनी मला वाचलं ते असं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं बाकड्यावर बसले. आजूबाजूला माणसं होती, म्हणून गणपतराव हळूच म्हणाले, "करीम, शेवट वाचून मला आकाराम आठवला."

आकाराम हा गणपतरावांचा थोरला भाऊ. दोघं एकाच फौंड्रीत होते. एकदा गणपतरावांच्या हातून साचा चुकला आणि सगळा माल वाया गेला. साहेबापुढं आकाराम पुढं झाला आणि म्हणाला, "साचा मी भरला." त्याची नोकरी गेली. तो गडमुडशिंगीला जाऊन म्हशी राखत राहिला, आणि तिथंच वारला. गणपतरावांनी ही गोष्ट उभ्या आयुष्यात एकट्या करीमचाचांना सांगितली होती.

करीमचाचांच्या डोळ्यांपुढं मात्र फाट्यावरचा जावई होता. ते खदाखदा हसले. "त्या शेवटाला आकाराम? गणपतराव, वय झालं तुमचं! त्यात काय हाय डोंबल! लेखकाला काय सुचलं न्हाय, त्यानं गाशा गुंडाळला."

"काय न्हाय त्यात?"

"काय बी न्हाय. पोकळ बांबू!"

गणपतरावांचा चेहरा उतरला. हातातला चहा तसाच ठेवून ते उठले. "माझ्या भावावर हसलास, करीम," एवढंच म्हणाले.

"अवं, मी पुस्तकावर हसलो की!" करीमचाचा मागून ओरडले. पण गणपतराव रिक्षात बसून गेलेसुद्धा.

शेवटात काय आहे हे दोघांपैकी एकानं जरी उघड सांगितलं असतं, तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. पण पाटी होती, माणसं होती, आणि नंतर अभिमान आडवा आला. गणपतरावांनी वेगळं कार्ड काढलं. ते सकाळी येऊ लागले, करीमचाचा संध्याकाळी. बाकड्यावर करीमचाचा एकटेच बसत आणि चहा सांगायचं विसरत. मित्रांनो, मला फार वाईट वाटायचं. एवढी जुनी दोस्ती माझ्यापायी तुटली, आणि खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं.

इकडं माझ्याविषयी वाचकांत दोन तट पडले. आधी वाचलेले म्हणत, शेवटानं रडवलं. नंतर वाचलेले विचारत, रडण्यासारखं काय आहे? क्लासमध्ये शिकवणाऱ्या संयोगिताबाईंनी माझ्या मागच्या पानावर लिहिलं, 'शेवट वाचकावर सोडला आहे. ही खरी प्रगल्भता.' त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'बाई, उगं कायतरी.' व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरसुद्धा रोज जुंपायची. शेवट फोडायची तिथंही बंदी, म्हणून ज्याची त्याची आवड, असं म्हणून विषय मिटायचा.

शेवटी अनुजाताई कंटाळल्या. त्यांनी एका रविवारी सगळ्या वाचकांना बोलावलं, भिंतीवरची पाटी उतरवली आणि म्हणाल्या, "आज शेवट फोडायला मोकळीक. काय भांडायचं ते भांडून घ्या." गणपतराव एका कोपऱ्यात बसले, करीमचाचा दुसऱ्या.

पहिल्यांदा संयोगिताबाई बोलल्या. "जावई फाट्यावर उभा आहे आणि एसटी येत नाही. इथं कादंबरी संपते, यातच सगळं आलं."

गणपतराव ताडकन उठले. "बाई, एसटी येती की! एसटीतनं थोरला भाऊ उतरतोय. खून धाकट्यानं केलेला असतोय, आणि थोरला फौजदारापुढं जाऊन म्हणतोय, मी मारलं."

अर्ध्या लोकांनी माना हलवल्या, अर्ध्यांनी आ वासला. करीमचाचा उभे राहिले. "हे कुठं लिवलंय?"

"पुस्तकात. आणि कुठं?"

करीमचाचांनी मला टेबलावरून उचललं आणि मागून उलटं चाळत गेले. अनुजाताईंनी सुरुवातीचं पान काढून तिथं छापलेली एकूण पृष्ठसंख्या बघितली. माझं शेवटचं पान आणि ती संख्या यांत सोळाचा फरक. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हिचा शेवटचा फर्माच नाही."

कुणी हसलं नाही. माझ्यावरून महिनोन् महिने भांडलेली माणसं खाली बघत एकेक करून उठून गेली. करीमचाचा मला हातात घेऊन बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं गणपतराव त्यांच्या शेजारी येऊन टेकले.

"गणपतराव, मला खरंच ठाऊक नव्हतं. आकारामदादावर मी हसंन व्हय?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? खुळ्यागत रुसून बसलो."

"आता सांगा मला. पुढं काय हुतंय?"

मग गणपतरावांनी माझी गेलेली सोळा पानं तोंडी सांगितली. थोरला तुरुंगात जातो, धाकटा गुऱ्हाळ चालवतो, हे सगळं बरोबर होतं. पुढं मात्र त्यांनी सांगितलं, की थोरला सुटून येतो, धाकटा त्याला आणायला जातो, आणि गावासमोर त्याचे पाय धरून म्हणतो, खून माझ्या हातनं झाला, ह्यानं माझ्यासाठी भोगलं. करीमचाचांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, माझ्यात असं नव्हतं. माझ्यात थोरला तुरुंगातच मरतो आणि धाकट्याला बोलायची संधी मिळत नाही. मी सगळं ऐकत होते. मला वाचा असती, तरी मी तोंड उघडलं नसतं.

आता माझी एक विनंती आहे. पुस्तकाचं पान सुटलं तर जपून आत ठेवा, डिकीत कोंबू नका, आणि शिवून आणलं की एकदा सगळी पानं तपासा. आणि कुणाचं मत तुमच्या अगदी उलट निघालं, तर हसण्याआधी त्यानं काय वाचलंय ते जरा विचारून घ्या.

पुढच्या महिन्यात अनुजाताईंनी माझी नवी प्रत आणली. अख्खी, शेवटासकट. मी त्यांच्या टेबलावरच होते. पहिला नंबर करीमचाचांनी लावला. वाचून झाल्यावर ते गणपतरावांबरोबरच प्रत परत करायला आले.

"मग चाचा?" अनुजाताईंनी विचारलं. "खरा शेवट कसा आहे?"

"गणपतरावांनी सांगितला तसाच हाय," करीमचाचा म्हणाले. "एक अक्षर इकडचं तिकडं न्हाय."

शेजारी उभे असलेले गणपतराव बाकड्याकडं गेले आणि त्यांनी दोन चहा सांगितले.