सासूबाईंची शंका

दवाखान्यात तयार करून सुनेच्या पोटात सोडलेला गर्भ दुसऱ्यांदाही रुजला नाही, आणि तेव्हापासून सासूबाई गप्प झाल्या. खरं तर उभा जन्म पोहायला शिकवण्यात गेलेली बाई. तलावाच्या या काठावरून बोलली तर त्या काठाला ऐकू जावं असा आवाज, आणि नकला तर अशा की समोरच्याने पोट धरून खालीच बसावं. आता मात्र जेवताना "पाणी दे" यापलीकडे शब्द नाही. आपल्यावरच नाराज आहेत, असं सुनेने मनाशी धरलं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलायची आणि घरी आली की मान खाली घालून वावरायची.

तिचा नवरा बस चालवायचा. त्याला काहीतरी केल्याशिवाय चैन पडेना. तिसऱ्या खेपेआधी तिघं दवाखान्यात गेली, तेव्हा त्याने बसल्या बसल्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "जादा जे काही असेल ते सगळं करा. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढतात म्हणे, गर्भ चिकटायला काही द्रव असतो, प्रतिकारशक्तीचं सलाईन असतं. काही म्हणजे काही सोडू नका."

"ओरखड्याची चांगली पडताळणी झालीये," त्या म्हणाल्या. "मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. सलाईनला धड पुरावा नाही, त्रास मात्र होऊ शकतो. त्या द्रवाने थोडा फरक पडत असेलही, पण छातीठोकपणे नाही सांगणार."

"मग दोनदा का फसलं?" सुनेने विचारलं.

"बहुतेक वेळा गर्भाच्याच गुणसूत्रांत गडबड असते, तो वाढणारच नसतो. तुमचं गर्भाशय तपासलंय, तिथे काही सापडलं नाही. आणि कधी कधी आम्हालाही खरंच कळत नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई खाकरल्या. "हसल्याने निसटतो का हो?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मागच्या वेळी गर्भ आत सोडल्यावर मी दुसऱ्याच दिवशी शेजारणीची नक्कल करून दाखवली. ही इतकी हसली, इतकी हसली की खुर्चीवरून घसरायची बाकी होती. आणि मग..."

"नाही हो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "हसून, शिंकून, जिना चढून काही होत नाही. खुशाल हसवा तिला."

"म्हणून बोलत नव्हतात, आई?" सुनेने विचारलं.

"तोंड उघडलं की माझ्याकडून नक्कलच होते. मग म्हटलं, नकोच उघडायला."

"मला वाटलं, माझ्यावर रागावलात."

"तुझ्यावर? वेडी की काय, अगं!" सासूबाईंनी तिचा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

जादा काही करायचं नाही असं ठरलं. तिसरी खेपही फसली. त्या दिवशी सासू-सून एकाच पलंगावर आडव्या पडून पोटभर रडल्या. कुणाचं चुकलं हे मात्र कुणीच शोधलं नाही. सुनेला तेवढ्यानेही हलकं वाटलं.

चौथ्या वेळी गर्भ रुजला.

"या वेळी वेगळं काय केलंत?" नवऱ्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"काहीच नाही. या गर्भात वाढायची ताकद असावी."

हे उत्तर त्याला काही पुरेसं वाटलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. दोघींना दाराशी थांबवून तो गाडी आणायला गेला आणि डोकं खाजवत परत आला. आनंदाच्या भरात गाडी कुठे लावली तेच त्याला आठवेना. मग तिघंही गल्ली गल्ली शोधत निघाली. घाई कुणालाच नव्हती.