दोन पंखांमधली आंधळी जागा

चंद्रपूरजवळच्या त्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारी एक शाळा होती, आणि शाळेला तीन वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा होता. मुख्य प्रशिक्षक मंजुषाबाई रामटेके यांच्यापुढे उड्डाणाच्या परवानगीचा कागद ठेवून व्यवस्थापक भैयाजी उभेच राहिले. बसले असते तर चर्चेला निमित्त मिळाले असते.

योजना साधी होती. मंजुषाबाईंच्या विमानातून शिपाई वारलू प्रमुख पाहुण्यांच्या मंडपावर झेंडूच्या पाकळ्या उधळणार; त्यांचा विद्यार्थी प्रणित दुसरे विमान घेऊन त्यांच्या उजवीकडे, थोडा वर, खेटून उडणार. फोटोत दोन्ही विमाने एका चौकटीत यायला हवी होती.

“भैयाजी, माझ्या विमानाचे पंख माझ्या डोक्यावर आहेत, त्याच्या विमानाचे त्याच्या पायाखाली. तो माझ्यावर सरकला तर मला तो दिसणार नाही आणि त्याला मी. त्याला खाली ठेवा.”

“मंग पाकळ्या त्याच्यावरच पडतीन ना! पाहुण्याले का रिकामी टोपली दाखवाची?” भैयाजी हसले. “तुमी दर खेपेले असंच म्हणता मॅडम. झालं का कधी काई?”

झाले नव्हते. न झालेला अपघात हा आपल्याकडे सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. या वर्षातली ही त्यांची तिसरी हरकत होती. पहिल्या दोन्हींच्या वेळी त्यांनी नियम वाचून दाखवले होते आणि ऐकणाऱ्यांनी चहा मागवला होता. मंजुषाबाईंनी सही केली. पटले म्हणून नव्हे, दमल्या म्हणून.

“अन् रेडिओवर चूप राहा,” कागद उचलताना भैयाजी म्हणाले. “पाहुण्याच्या हेलिकॉप्टरातल्या पायलटले सारं ऐकू येते.”

सोबतचे विमान नजरेआड झाले की त्याच क्षणी रेडिओवर तसे सांगायचे आणि बाहेरच्या अंगाला वळायचे, हे त्यांनी आठवडाभर प्रणितकडून घोकून घेतले होते. तो दारातच उभा होता.

“मॅडम, मंग तुमी दिसल्या नाई तं बोलू का नाई?”

मंजुषाबाईंनी चष्मा पुसला. “भैयाजी म्हणतात तसं कर.”

पाहुणे दोन तास उशिरा आले. भर दुपारी, मंडपाच्या वर पाचशे फुटांवर, वारलूने खिडकी उघडून पहिली ओंजळ सोडली. मंजुषाबाईंनी उजवीकडे पाहिले. प्रणित असायला हवा होता तिथे फक्त दूरच्या जंगलाची निळसर कड होती. रेडिओ आज्ञाधारकपणे गप्प होता.

“बाई,” मागून वारलू म्हणाला, “ऊन कुठी गेलं वो?”

समोर, त्यांच्या इंजिनाच्या पत्र्यावर एका पंखाची सावली पडली होती. तिची कड सुरीसारखी रेखीव होती. कड इतकी रेखीव असते ती वस्तू जवळ असल्यावरच. मंजुषाबाईंनी विमानाचे नाक खाली, धानाच्या बांध्यांकडे लोटले. डोक्यावर काहीतरी खरवडत गेले. टोपली उलटली आणि उरलेला झेंडू छताला जाऊन चिकटला.

उतरल्यावर दिसले, छतावरची अँटेना आडवी झाली होती आणि तिच्याशेजारी टायरचा काळा ओरखडा होता.

मंडपात टाळ्या थांबत नव्हत्या. भैयाजी धावत आले. “काय थरार केला मॅडम! साहेब म्हणते, आणखी एक राउंड होऊ द्या. त्यांच्या मोबाइलचा कॅमेरा चालू नोहता.”

प्रणित मागे उभा होता, ओठ पांढरे पडलेले. “मॅडम, तुमी दिसून नोहत्या राह्यल्या. मी बोललो नाई.”

“माहीत आहे. गप्प राहायला मीच सांगितलं होतं.”

त्यांनी दोन्ही विमानांच्या किल्ल्या खिशात टाकल्या आणि पंखाच्या सावलीत बसून अहवाल लिहायला घेतला.

भैयाजी वाकून वाचू लागले. “पह्यल्याच ओळीत हे काय लिहून राह्यल्या?”

“माझी सही. धोका ठाऊक असताना केलेली.”

“लायसन जाईन ना तुमचं!”

“जाईल. दुसऱ्या ओळीत तुमचा हुकूम आहे.”

भैयाजींचे हसू तेव्हा कुठे मावळले. ते फोन काढत मंडपाकडे गेले. वारलू केसांतल्या पाकळ्या झटकत जवळ आला.

“बाई, ऊन गेलं म्हणून म्याच सांगतलं होतं ना? थे बी लिहा.”

मंजुषाबाईंनी तेही लिहिले, वेळेसकट. त्या उड्डाणात नियमाप्रमाणे, त्याच क्षणी दिली गेलेली ती एकमेव सूचना होती.