काठीचं माप

बाबांनी पाणी पिणं कमी केलंय, हे लेकीच्या लक्षात यायला महिना गेला. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. विचारलं की म्हणायचे, "तहानच लागत नाही गं." खरी गोष्ट वेगळी होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना कमोडवरून उठता येत नव्हतं. भिंतीवर थाप मारून लेकीला हाक मारावी लागे. ज्या माणसानं तीस वर्षं कारखान्यात कमोड घडवले, त्यानंच कमोडवर अडकून बसावं, यानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. पाणी कमी प्यायलं की हाकाही कमी, असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं.

लेक त्याच कारखान्यात, त्यांच्याच जागेवर ओतकाम करायची. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतायची, साच्यानं पाणी शोषून मातीची भिंत धरली की उरलेली माती काढून घ्यायची, आणि साचा उघडून ते कमोडचं ओलं भांडं तान्ह्या बाळासारखं सांभाळत फळीवर ठेवायचं. रोज इतकी भांडी हातून जायची, आणि घरच्यासाठी एक धड असू नये, याचा तिला भारी संताप यायचा. शेवटी तिनं मुकादमाला गाठलं.

"मला एक उंच भांडं करू द्या. बाबांसाठी."

मुकादम तसा खडूस, पण बाबांच्याच हाताखाली शिकलेला. "एकच," तो म्हणाला. "भट्टीच्या गाड्यावर एक जागा देतो. तडकलं किंवा बिघडलं, तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

घरी बाबा आधी फुगले. "म्हणजे आता कारखानाभर बोभाटा," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वयंपाकघरातल्या स्टुलाशेजारी बसून ते लहान करवतीनं काठी कापत होते. घरात ते एवढ्या एकाच स्टुलावरून कुणाचा हात न धरता उठायचे. काठी तिच्या हातात देत ते म्हणाले, "भांडं एवढं उंच कर." स्टुलाच्या उंचीची काठी, त्यात विचारायचं काय? तिनं ती पिशवीत टाकली आणि कामावर पळाली.

तिनं भांडं ओतलं, उंची वाढवायला त्याच्या बुडाला जोडायचं मातीचं कडंही वेगळं ओतलं. दोन्हींचा ओलावा सारखा हवा, नाहीतर सुकताना सांधा उकलतो. अंगठ्यानं दाबदाबून तिनं वेळ साधली, कडं काठीच्या मापानं छाटलं, पातळ माती लावून जोडलं आणि ओल्या स्पंजनं सांधा दिसेनासा केला. भांडं फडक्याखाली सावकाश सुकू दिलं. सुकल्यावर रॉकेलचा हात फिरवला. बारीकशी चीर असती तर तिथं काळी रेघ उमटली असती. उमटली नाही. पांढरी झिलई फवारून झाली, भांडं गाड्यावर चढलं आणि गाडा भट्टीच्या तोंडाशी लागला.

"जाऊ दे आत," भट्टीवाला गमतीनं म्हणाला. "जाताना गुबगुबीत, येताना वाळकी. भट्टीत गेलेलं कुणी जाडजूड परत आलंय का?"

तिनं पिशवीतली काठी चाचपली. भट्टीत माती आवळते. दहा इंचांतला एक तरी इंच जातो. हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक, आणि तिनं काठी ओल्या भांड्याला लावली होती! गाडा तोवर आत गेला होता.

दुसऱ्या दिवशी भांडं बाहेर आलं. निवल्यावर तिनं त्याला लाकडी हातोडीनं हलकेच वाजवून पाहिलं. तडा असता तर आवाज बद्द आला असता. हे खणखणीत वाजलं. मग तिनं काठी शेजारी धरली. काठी दोन इंच वर.

घरी आल्या आल्या, पिशवीही खाली न ठेवता तिनं सांगून टाकलं. "बाबा, माझी चूक झाली. माती आवळते हे धरलंच नाही मी. भांडं बुटकं झालं. मुकादम दुसरं करू देणार नाही."

"किती गेलं?"

"दोन इंच."

"नीट मोजलंस?"

"टेपनं मोजलं."

"मग झालं तर," बाबा म्हणाले. "ती काठी जरा स्टुलाशेजारी उभी कर बघू."

तिनं केली. काठी स्टुलाच्याही दोन इंच वर होती.

"तीस वर्षं माती आवळताना बघितली मी," बाबा म्हणाले. "तुला भाजल्यानंतरचं माप देईन होय?"

"मग सांगायचं नाही का? दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता!"

"मला वाटलं, ओतकाम करणारी बाई काठी एकदा तरी स्टुलाला लावून बघेल."

तिला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं. डोळे पुसायला तिनं पदर शोधला तेव्हा कळलं, पिशवी अजून खांद्यालाच होती.

भांडं बसवून झालं त्या दिवशी बाबा आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. ती सवयीनं बाहेर उभी राहिली, थाप कधी येते याकडे कान देऊन. थाप आली नाही. आतून पाणी सोडल्याचा आवाज आला, मग कडी निघाली.

"वाटेत काय उभी राहिलीस?" म्हणत बाबा तिच्या बाजूनं स्वयंपाकघरात गेले आणि स्टुलावर टेकले.

"पाणी दे गं," ते म्हणाले. "मोठ्या ग्लासात दे."