कानातली अळी

रिठद गावच्या पारावर ही गर्दी लोटली होती. मधोमध नळीबाबा. कानाची तक्रार घेऊन आलेल्याच्या कानाला त्यानं पितळी नळी लावायची, दुसरं टोक तोंडात धरून डोळे मिटून ओढायचं आणि तळहातावर वळवळती अळी थुंकायची. की लोक हात जोडायला मोकळे.

उकंडराव बायकोला, रुख्मिणीला, घेऊन आले होते. तिच्या कानात रात्रंदिवस सूं सूं वाजे, त्यातच नाडीसारखी धकधक.

दोन अळ्या थुंकून बाबा म्हणाला, "माय, किड्यानं मेंदूपाशी वारूळ केलं. इंग्रजी गोळ्या खाते ना? त्याच्यावरच पोसून राह्यला तो. बंद कर, मंग पाहू कसा जगते."

गोळ्या रक्तदाबाच्या होत्या. सून वैष्णवी घरी म्हणाली, "मामाजी, प्रेशरनंही कान वाजते. डॉक्टरले दाखवू."

"बाबापेक्षा तुले जास्त समजते काय?" उकंडरावांनी गोळ्या स्वतःच्या हातानं चुलीत टाकल्या.

पोळ्याच्या आधी रुख्मिणी भाकरी थापता थापता कलंडली. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. वाशिमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रेशर वाढून मेंदूत रक्तस्राव झाला. कान वाजायला कारणं पुष्कळ. मळ असतो, ऐकू कमी येतं, रक्त कमी असतं, एखादं औषध बाधतं. पण नाडीच्या ठेक्यावर वाजलं तर तपासायलाच हवं. गोळ्या कोणी थांबवल्या?"



बाबाच्या पुढच्या बैठकीला त्याचं खरं-खोटं पाहायला उकंडराव वैष्णवीसोबत पारावर गेले. "माहाही कान वाजते," ती म्हणाली. बाबानं नळी लावली, ओढलं, अळी थुंकली. "सासूचा किडा सुनेत उतरला," तो म्हणाला. बाया हळहळल्या.

वैष्णवीनं त्याच कानातून मेणात घोळलेला कापसाचा बोळा ओढून काढला. "हा घरूनच घालून आली मी. अळी कोठून निंगाली मंग?"

बाबा उठू लागला. उकंडरावांनी त्याचा जबडा धरून उघडला. गालफडात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती, तीत आणखी अळ्या. एक शेतकरी वाकून म्हणाला, "हे तं वांग्यातली अळी व्हय."

लोकांनी बोलावलेले पोलीस घेऊन जाताना बाबा उकंडरावांकडे पाहून हसला. "गोळ्या म्या जाळल्या काय? तूच जाळल्या."

ते खरंच होतं.

रुख्मिणी आता खाटेवर असते. कान अजून वाजतो का, हे तिला सांगता येत नाही. तुमचा वाजत असेल तर तुम्हाला सांगता येतं. डॉक्टरला सांगा, आणि चालू गोळ्या कुणाच्या थुंकीवर विश्वास ठेवून बंद करू नका.